जुना जीएमसी लष्करी ट्रक घाटात बंद पडतो आणि थंड झाला की चालू होतो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं नेमकी सांगतो. ती जुळत नसतील तर तुमचं दुखणं वेगळं आहे आणि पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही.

सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं. सपाट रस्त्यावर ट्रक व्यवस्थित पळतो. पुण्याहून निघून हडपसर, फुरसुंगी मागे पडून दिवे घाटाचा चढ लागेपर्यंत काहीही तक्रार नसते. चढावर खालचा गिअर पडतो, इंजिन जोर लावतं आणि तिथे ताकद कमी व्हायला लागते. आधी हलके झटके बसतात, मग कार्बोरेटरमधून एखादा फटका वाजतो आणि इंजिन बसतं. सेल्फ मारला तर फिरतं, पण उचलत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलात की पुन्हा निमूट चालू होतं. पुढच्या चढाला परत तेच. थंडीत त्रास जवळपास नसतो, मार्च ते मे मात्र जीव नकोसा करतो.

आणखी एक लक्षण आहे आणि तेच सगळ्यांना फसवतं. कार्बोरेटर खोलून साफ केला की ट्रक काही दिवस बरा चालतो. त्यामुळे दोष कार्बोरेटरमध्येच होता अशी खात्री पटते. प्रत्यक्षात कार्बोरेटर काढताना-लावताना पंपाला पेट्रोल आणणाऱ्या पाइपचे नटही सैल होऊन पुन्हा आवळले गेलेले असतात. फरक पडतो तो त्यामुळे. काही दिवसांत नट पुन्हा हवा घ्यायला लागतात.

मी इथे दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी जीएमसी सीसीकेडब्ल्यू धरून लिहितोय, कारण याच ट्रकवर हा दोष मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. त्या काळच्या डॉज, शेवरले आणि फोर्डच्या पेट्रोल गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

बंद पडताना काय होतं ते बघा

इंजिन बंद पडायच्या तऱ्हा दोन. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू मरतं, अडखळतं, झटके देतं. करंट जात असेल तर चावी बंद केल्यासारखं एकदम गप्प होतं. अडखळायला लागल्याबरोबर चोक अर्धा ओढून बघा. क्षणभर जरी इंजिन सावरलं तरी मिश्रण पातळ होतंय, म्हणजे पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये. चोक ओढल्यावर उलट जास्त गुदमरलं आणि मागून काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. मग कार्बोरेटरमधला तरंगणारा फ्लोट आणि पेट्रोल अडवणारी नीडल बघावी लागेल. या चाचणीला पैसा लागत नाही आणि पुढचं निम्मं काम वाचतं, म्हणून ती चुकवू नका.

घाटात बंद पडल्यावर जपायची गोष्ट वेगळीच आहे. या ट्रकच्या ब्रेकला हायड्रोव्हॅकची (पेडलचा जोर वाढवणाऱ्या यंत्राची) मदत असते आणि तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन मेलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर पेडल एक-दोनदा नीट लागतं, मग दगडासारखं कडक होतं. रिकामा ट्रकसुद्धा चार टनांहून जड आहे. हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर (मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) आहे, तेव्हा त्याच्या एकट्याच्या भरवशावर ट्रक चढावर सोडू नका. पहिला गिअर टाका, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा हाय-लोचा गिअर) लोमध्ये घ्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि मगच बॉनेटला हात घाला. ठोकळे कायम केबिनमध्ये ठेवा. घाटात ऐन वेळी हाताशी मिळणारा दगड घसरतो.

काहीही खोलण्याआधी: ट्रकवर खरंच काय बसवलंय?

या त्रासात पैसे वाया जातात ते चुकीचा पार्ट मागवल्यामुळे. हे ट्रक १९४१ ते १९४५ या काळात पाच लाखांहून जास्त संख्येने बनले. त्यानंतरची ऐंशी वर्षं त्यांनी वेगवेगळ्या हातांत काढली. आपल्याकडे आलेल्या गाड्यांवर लष्कर, वाहतूकदार, साखर कारखान्याच्या आवारातला फिटर अशा सगळ्यांनी मिळेल ते बसवून काम भागवलं आहे. अनेक ट्रकांमध्ये पेट्रोल इंजिन काढून सिम्प्सन-पर्किन्सचं डिझेल बसलं आणि हौशी मालकांनी नंतर ते काढून पुन्हा पेट्रोल इंजिन आणलं. त्या उलटसुलट प्रवासात पाइप, वायरिंग आणि टाकी कुठल्या काळाची राहिली हे बघूनच ठरवावं लागतं.

म्हणून पहिल्या दिवशी पाने हातात घेऊ नका, वही घ्या. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्यांवर मॉडेल आणि चॅसिस नंबर असतो. नावातलं प्रत्येक अक्षर काही सांगतं: पहिला सी म्हणजे १९४१चं डिझाइन, दुसरा सी म्हणजे नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ड्राइव्ह, डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही अॅक्सलना ड्राइव्ह. पुढे ३५२ असेल तर १४५ इंची आखूड व्हीलबेस, ३५३ असेल तर १६४ इंची लांब. पट्टी नसेल, किंवा दुसऱ्या ट्रकची आणून लावलेली असेल अशी शंका असेल, तर टेप लावून व्हीलबेस मोजा. अॅक्सलही बघा. मधल्या गोळ्याची हाउसिंग उभी दुभागलेली आणि सांध्याभोवती बोल्टांची रांग असेल तर ती टिमकेनची स्प्लिट. एकसंध गोल हाउसिंग असेल तर बंजो. आजच्या त्रासाशी अॅक्सलचा संबंध नाही. पण परदेशातून पार्ट मागवताना विक्रेता हे हमखास विचारतो आणि एका जातीचे बरेच भाग दुसरीला चालत नाहीत.

इंजिन मूळचं असेल तर ते २७० क्युबिक इंचाचं, म्हणजे सुमारे ४.४ लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं असतं. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. मूळ वायरिंग ६ व्होल्टची. यातली व्होल्टची नोंद मोठ्या अक्षरात करा, ती पुढे लागणार आहे. मग एसी पंप (इंजिनावरचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा एसी कंपनीचा पंप), कार्बोरेटर, कॉइल आणि डिस्ट्रीब्युटर यांच्यावर कोरलेले किंवा ओतीव आकडे चुन्याने किंवा खडूने घासून उठवा आणि फोटो काढा. अमेरिकी लष्कराची या ट्रकची पार्टची यादी एसएनएल जी-५०८ या नावाने आणि देखभालीचं मॅन्युअल टीएम ९-८०१ या नावाने मिळतं. आकडे त्याच्याशी ताडून बघा. जुना बाजारात बुधवार-रविवारी किंवा नाना पेठेत जाताना हे फोटो आणि काढलेला जुना पार्ट, दोन्ही सोबत असू द्या. नुसतं ‘जीएमसीचा पंप द्या’ म्हटलं तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे चुकीचाच पंप देईल, कारण एसीचे पंप बाहेरून सगळे सारखे दिसतात.

टाकीचं झाकण

पैसे लागत नाहीत, म्हणून पहिला नंबर याचा. इंजिन बसल्याबरोबर टाकीचं झाकण सोडवा. ‘स्स्’ आवाज करून हवा आत गेली तर तुमचं उत्तर मिळालं. पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला त्याच्या विरुद्ध ओढावं लागतं. सपाटावर कमी पेट्रोल लागतं म्हणून चालून जातं, चढावर मागणी वाढली की पंप हरतो. झाकण मूळचं असेल तर त्याचं छिद्र रंगाच्या थरांनी बुजलेलं असतं. बदललेलं असेल तर बऱ्याचदा बिनछिद्राचं कुठल्यातरी ट्रॅक्टरचं किंवा टेम्पोचं असतं. छिद्र मोकळं करा किंवा छिद्र असलेलं झाकण घ्या. झाकण सैल ठेवून घाट चढू नका, वळणावर पेट्रोल सांडतं आणि एक्झॉस्ट दूर नसतो.

गाळ आणि पाणी

टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग सोडून लिटरभर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाणी, गंज किंवा तपकिरी चिकट चुरा दिसला तर टाकी काढून धुवावी लागेल. चॅसिसवरचा फिल्टर आणि पंपाची वाटीही त्याच वेळी उघडा.

इथे आजच्या पेट्रोलबद्दल बोलायला हवं. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने सगळीकडे आलं. या इंजिनाचं कॉम्प्रेशन सातापेक्षाही कमी आहे, तेव्हा ऑक्टेनची त्याला काही अडचण नाही. अडचण आहे ती बाकीच्या गोष्टींची. इथेनॉल टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं चिकटलेलं वार्निश सोडवतं आणि ते सगळं फिल्टरमध्ये आणून टाकतं. ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो आणि पत्रा आतून खातो. जुनं रबर, कॉर्कची पॅकिंग, कॉर्कच्या फ्लोटवरचं शेलॅक यांना ते फुगवतं किंवा विरघळवतं. म्हणून नवं इंधन आल्यापासून जे ट्रक आधी कधी रडत नव्हते तेही रडायला लागले. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

पंपाच्या आधीची हवा: खरा गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच सापडतो

टाकीपासून एसी पंपापर्यंतच्या पाइपमध्ये पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. इतकी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की हा दोष अर्धा सुटतो. पंपापुढे गळती असेल तर थेंब दिसतो, वास येतो. पंपाच्या मागे गळती असेल तर बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत जाते. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं होतं: ओढ पुरती लागते, तोंडात येते ती हवा. पाइप कोरडा आणि स्वच्छ दिसतो म्हणून मेस्त्री त्याला हातही लावत नाही.

उष्णतेचा यात हात आहेच. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. ओढीखाली, म्हणजे दाब कमी असताना, आणखी आधी. पुण्यात एप्रिलमध्ये हवाच ३८-४० अंश असते आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्यात पाइप आधीच थोडी हवा घेत असेल तर पंपाला वाफ, हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण मिळतं आणि पंप वाफ पंप करू शकत नाही. म्हणून थंडीत तोच ट्रक, तीच गळती, पण त्रास नाही. लोक याला नुसतं ‘व्हेपर लॉक’ म्हणून उन्हावर ढकलतात. पण हेच ट्रक युद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात चालले. ऊन तेव्हाही होतं, सांधे मात्र पक्के होते.

बघायचं कसं? पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाशी वीतभर पारदर्शक, पेट्रोल सहन करणारी नळी तात्पुरती लावा आणि इंजिन गरम करून थोडं रेस करा. बुडबुडे दिसले तर हवा येते आहे. चाचणी झाली की ही नळी काढा, ती कायम ठेवायची नाही.

आता जागा शोधायची. पाइप दोन्ही टोकांना सोडा, पेट्रोल काढून टाका, टाकीकडचं टोक बंद करा आणि पंपाकडच्या टोकाने सायकलच्या पंपाने हलका दाब द्या. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. फेस आला तिथे गळती. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्या जागेत करा.

गळती सापडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे चॅसिस आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी. बाहेरून धडधाकट दिसते. आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि ओढ वाढली की भोक बंद करतो. इथेनॉल चालेल असं छापलेली नवी नळी घ्या, मीटरला काहीशे रुपये जास्त गेले तरी चालतील. दुसरी जागा, नंतर बसवलेला तांब्याचा पाइप. ट्रकच्या थरथरीने तांबं कडक होतं आणि नटाच्या लगेच मागे केसाएवढी चीर पडते. तिथे स्टीलचा पाइप हवा.

तिसरी जागा सर्वांत फसवी: न जुळणारे आटे. त्या काळच्या अमेरिकी पंप-कार्बोरेटरला पाइपचे आटे एनपीटीचे (अमेरिकी मापाचे) असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात बीएसपीचे (ब्रिटिश मापाचे). १/८ इंची एनपीटीला एका इंचात २७ आटे आणि कोन ६० अंशांचा. १/८ बीएसपीला २८ आटे आणि कोन ५५ अंशांचा. बीएसपीचा निप्पल पंपात फिरवला तर पहिले तीन-चार फेरे सुरेख जातात, मग घट्ट होतो आणि हाताला वाटतं की बसला. तो बसलेला नसतो, अडकलेला असतो आणि आट्यांमधल्या फटीतून हवा जात राहते. वर टेफ्लॉनची टेप गुंडाळली की काही दिवस भागतं, मग टेपचे तुकडे कार्बोरेटरच्या नीडलखाली जाऊन बसतात. शिवाय ओतीव पंपाचे आटे या जबरदस्तीने फाटतात, तो तोटा वेगळाच.

फ्लेअरच्या, म्हणजे पाइपचं टोक शंकूसारखं पसरवून केलेल्या, सांध्यांत याच जातीची आणखी एक फसवणूक आहे. ५/१६ इंची पाइपाचा अमेरिकी गाडीचा फ्लेअर ४५ अंशांचा. भोसरीतल्या हायड्रॉलिकच्या दुकानात मिळणारा जेआयसी फिटिंगचा शंकू ३७ अंशांचा. दोघांचेही आटे १/२ इंच-२०, म्हणजे नट लोण्यासारखा फिरतो. आत शंकू फक्त एका बारीक रेषेवर टेकतात. आणि ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणून ८ मिलिमीटरची फेरूल त्यावर सरकते खरी, पण पकडत नाही.

उपाय महाग नाही. इंची आणि मेट्रिक असे दोन पिच गेज घ्या, व्हर्निअर घ्या आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत प्रत्येक फिटिंग मोजून वहीत लिहा. न जुळणारं प्रत्येक फिटिंग बदला. मिळत नसेल तर भोसरी एमआयडीसीतला चांगला टर्नर पितळेचं करून देतो. फक्त त्याला नमुना म्हणून पंपातून निघालेला निप्पल देऊ नका, कारण चुकीचा तोच आहे. पंपाचे मादी आटे मोजून कागदावर आकडे द्या. एनपीटीच्या आट्यांवर पेट्रोल सहन करणारा द्रव सीलंट लावा. फ्लेअरच्या शंकूवर काहीही लावू नका. तिथे धातू धातूवरच बसायला हवा.

उष्णता कुठून येते

सांधे पक्के करूनही त्रास थोडा उरला तर पाइपचा रस्ता बघा. मूळ पाइप एक्झॉस्टपासून लांबून जायचा आणि क्लिपा होत्या. नंतर बसवणाऱ्याने जवळचा रस्ता धरलेला असतो. मॅनिफोल्डवरचा हीट कंट्रोलचा व्हॉल्व्ह हिवाळ्याच्या बाजूला गंजून बसलेला असेल तर कार्बोरेटरचा तळ कायम भाजला जातो. त्याला तेल देऊन हळूहळू मोकळा करा, हातोडा मारू नका. ते बीड तडकतं. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन आणि एक्झॉस्ट जास्त तापतात. रेडिएटर अर्धा बुजला असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

पंपावर ओलं फडकं ठेवून इंजिन चालू झालं तर उष्णतेचा पुरावा मिळाला. पण काचेची वाटी असेल तर गार पाणी थेट ओतू नका.

करंट: कॉइल आणि कंडेन्सर

तुमचं इंजिन अडखळत न मरता एकदम गप्प होत असेल तर वरचं सगळं सोडून आधी इथे या.

बंद पडल्याक्षणीच स्पार्क बघा, थंड झाल्यावर बघून काही कळत नाही. कॉइलची मधली वायर ब्लॉकपासून पाव इंचावर धरा, इन्सुलेटेड पकडीने, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करून. निळा, कडकडीत स्पार्क हवा. पिवळा, लुळा असेल तर सर्वांत स्वस्त वस्तू आधी बदला, ती म्हणजे कंडेन्सर. गरम झाल्यावर आतून तुटणं ही कंडेन्सरची जुनी खोड आहे.

मग कॉइल. आणि इथे वहीतली व्होल्टची नोंद काढा. मल्टिमीटरने कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलांमधला रोध मोजा. ६ व्होल्टच्या कॉइलला साधारण १ ते १.५ ओहम असतो, बॅलास्ट (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टन्स) न लागणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ओहम. ट्रक ६ व्होल्टचा आणि कॉइल ३ ओहमची असेल तर ४ ऐवजी २ अँपिअरच जातात: थंडीत चालतं, गरम होऊन रोध वाढला आणि चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की स्पार्क पडत नाही. उलट प्रकार जास्त आढळतो. ट्रक कधीतरी १२ व्होल्टचा केला, पण कॉइल मूळचीच राहिली आणि मध्ये रेझिस्टन्स घातला नाही. मग ८ अँपिअर जातात, कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते, पॉइंट जळतात आणि अर्ध्या तासात इंजिन बंद. कॉइल बदलूनही पुन्हा तेच होतं, कारण बदललेलीही त्याच जातीची असते. व्होल्ट आणि ओहम जुळवा, मगच पैसे द्या.

६ व्होल्टच्या ट्रकला बॅटरीची केबल कारची लावलेली असेल तर तीही बदला. तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. बारीक केबलवर एक व्होल्ट पडला तरी सहावा हिस्सा गेला आणि गरम इंजिनावर सेल्फ रेंगाळतो तो याच कारणाने.

एसी पंप

इतकं करून झाल्यावरच पंप काढा. आधी ऑइलची काठी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळ होऊन पातळी वाढली असेल तर डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, फाटला आहे. इंजिन चालू करू नका. ऑइल बदलल्याशिवाय बेअरिंगांना धोका आहे आणि क्रँककेसमधल्या वाफेला आग लागू शकते.

वास नसेल तर पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट पंप ८-१० इंच पाऱ्यापर्यंत ओढतो आणि इंजिन बंद केल्यावर काटा लगेच पडत नाही. बाहेरच्या बाजूला दाब साधारण ३ ते ५ पीएसआय हवा. ओढ कमी असेल तर डायफ्राम आणि दोन्ही व्हॉल्व्हचा किट घाला, इथेनॉल सहन करणारा. गोदामात पडून राहिलेला खोक्यातला ‘ओरिजिनल’ किट दिसायला देखणा असतो, पण त्याचं रबर ऐंशी वर्षांचं आहे आणि आजच्या पेट्रोलमध्ये ते टिकणार नाही. पूर्ण पंप बदलत असाल तर आतल्या दांडीची लांबी आणि वाक जुन्या पंपाशी शेजारी ठेवून जुळवा. फ्लँजची भोकं जुळतात म्हणून पंप चालतो असं नाही. आखूड दांडीचा पंप पुरता स्ट्रोक घेत नाही आणि तुम्ही पुन्हा दिवे घाटात उभे राहता.

इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मी तो शेवटी ठेवतो आणि पाइपचे सगळे सांधे बदलल्याशिवाय मुळीच बसवत नाही. टाकीजवळ पंप लावला की ओढीचा पाइप दाबाचा होतो, म्हणजे जिथून हवा आत जात होती तिथून पेट्रोल बाहेर येतं, गरम एक्झॉस्टजवळ. बसवायचाच असेल तर कमी दाबाचा घ्या आणि इंजिन बंद पडल्यावर आपोआप बंद होईल असा स्विच जोडा.

कार्बोरेटर

मूळचा झेनिथ असेल तर फ्लोटची पातळी, नीडल-सीट आणि जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक छिद्रं) एवढंच बघायचं. फ्लोट हलवून आत पेट्रोल वाजतं का ते ऐका. जेटवर कोरलेले आकडे मॅन्युअलशी ताडा. जेटमध्ये तार घालू नका आणि कोणाला ते ड्रिल करून मोठे करू देऊ नका. मोठा केलेला जेट हवेची गळती काही दिवस झाकतो, मग प्लग काळे होतात आणि मूळ जेट शोधत फिरावं लागतं.

कुठे थांबायचं

टाकीला वेल्डिंग लागत असेल तर हात लावू नका. रिकामी, धुतलेली, आठवडाभर उन्हात ठेवलेली टाकीही फुटते, कारण सांध्यांच्या पोटात वाफ राहते. टाकी-रेडिएटरचंच काम करणाऱ्या आणि टाकी नीट निर्धोक करून मगच आच देणाऱ्या माणसाकडे ती न्या. कोपऱ्यावरच्या गेट-ग्रिलच्या वेल्डरकडे नाही.

क्रँककेसमध्ये पेट्रोल उतरलेल्या अवस्थेत इंजिन बराच वेळ चालवलं गेलं असेल, तर ऑइलचा दाब बघायला जाणकार मेस्त्री बोलवा. मॅनिफोल्डला तडा असेल, किंवा हायड्रोव्हॅककडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या पाइपात गळती सापडली, तर ते ब्रेकचं काम आहे. हायड्रोव्हॅक खोलण्याचा अनुभव असलेल्या माणसाशिवाय तो उघडू नका आणि तोवर ट्रक घाटात नेऊ नका. एक्झॉस्टची जुनी पॅकिंग अॅस्बेस्टॉसची असतात, ती कोरडी घासू नका. वायरिंगच्या रबराला तडे जाऊन तांबं दिसत असेल तर बॅटरी सोडा आणि आधी वायरिंग करून घ्या. पेट्रोलच्या कामाला सुरुवात करण्याआधी चालू स्थितीतलं पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा.

एवढं सगळं होऊनही गरम इंजिन बसत असेल तर गरम आणि थंड दोन्ही अवस्थांत सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. गरम असताना एखाद-दोन सिलिंडर पडत असतील तर व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट सुटतंय. तिथून पुढचं काम इंजिन मशिनिंगवाल्याचं. त्याच्याकडे जाताना वही सोबत न्या: इंजिनाचा नंबर, व्होल्ट, कॉइलचे ओहम, पंपाची ओढ, कॉम्प्रेशनचे आकडे आणि कुठलं फिटिंग काय निघालं याची यादी. म्हणजे तो कार्बोरेटर साफ करण्यापासून पुन्हा सुरुवात करणार नाही.